खेळाडूचे वजन आणि खेळाडूचा देह

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका हे उपनगर आहे. येथील नाडप्रभू केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसविले आणि सुमारे शंभर वर्षांनी तेच बंगळूर शहाजीराजांकडे जहागिरीदाखल आले, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. येलहंका मागे टाकून विमानतळाच्या बाजूस गेले म्हणजे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे नवे केंद्र लागते. त्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. हंगामापूर्वी खेळाडूंची तयारी करून घेणे आणि जायबंदी झालेल्यांस पूर्ववत करणे, ही तेथील प्रमुख कामे होत. निवडीच्या वेळी धावण्याच्या 'यो-यो' कसोटीबरोबर शरीरघटकांची 'डेक्सा' तपासणीही विचारात घ्यावी, असे मंडळाने जानेवारी २०२३ मध्ये ठरविले. एखाद्याचे संघातील स्थान जिच्यावर अवलंबून राहू शकते, ती तपासणी मोजते तरी काय?

वजनकाटा केवळ एकूण भार सांगतो. तो भार स्नायूंचा की चरबीचा, हे त्यास कळत नाही. अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये २५ धंदेवाईक फुटबॉलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. उंची-वजनाच्या कोष्टकाप्रमाणे त्यांतील १७ जण लठ्ठ आणि म्हणून सैन्यसेवेस अपात्र ठरत होते. परंतु पाण्यात बुडवून त्यांचे वजन घेतले असता, त्यांपैकी बहुतेकांच्या अंगी चरबी थोडीच आढळली. चरबी पाण्याहून हलकी, तर स्नायू व हाडे पाण्याहून जड असतात. शरीराची घनता कळली की चरबीचे प्रमाण काढता येते, ते याच भेदामुळे.

याच्या उलट प्रकार आपल्याकडे दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणारा भारतीय मुलगा आतूनही तसाच असेल, असे धरून चालणाऱ्या प्रत्येक व्यायामशिक्षकाने हे आकडे ध्यानी ठेवावेत.

डेक्सा यंत्रात क्ष-किरणांचे दोन भिन्न शक्तींचे झोत शरीरातून जातात. हाड, चरबी व इतर मऊ भाग ते निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतात. त्या फरकावरून गणित मांडले जाते. मात्र पोटात गेलेले पाणीही यंत्र मेदरहित भागातच धरते. म्हणून तपासणी दर वेळी सारख्याच स्थितीत करणे इष्ट.

समजा, दोन खेळाडूंचे वजन प्रत्येकी ८० किलो असून चरबी १६ टक्के, म्हणजे १२.८ किलो आहे. आठ आठवड्यांनंतर पहिल्याचे वजन ८० किलोच राहिले, पण चरबी १३ टक्क्यांवर, म्हणजे १०.४ किलोवर आली. अर्थात मेदरहित भाग २.४ किलोंनी वाढला. दुसऱ्याने उपासमार करून वजन ७६ किलोंवर आणले आणि चरबी १५.५ टक्के राहिली. त्याने चरबी जेमतेम १ किलो घालविली, मेदरहित भाग मात्र सुमारे ३ किलोंनी गमावला. वजनकाटा शाबासकी देईल ती दुसऱ्यास!

यो-यो कसोटीत २० मीटर जाऊन तितकेच परत यावयाचे असते. मध्ये १० सेकंदांची विश्रांती मिळते आणि वेग वाढतच जातो. दर वळणावर देह थांबवून पुन्हा चालता करावा लागतो, तेव्हा निरुपयोगी भार जाणवतो. बर्फावरील हॉकीचीही चाल अशीच आहे: मिनिटभराहून कमी वेळ जिवाच्या आकांताने खेळावयाचे, मग बाकावर दम घ्यावयाचा. तेथे टक्करही होते, म्हणून अंगात वजन हवे, पण ते स्नायूंचे. लडाखमध्ये नैसर्गिक बर्फ हिवाळ्यापुरतेच मिळत असल्याने ही तयारी बरीचशी जमिनीवरच करावी लागते.

चरबी जितकी कमी तितके बरे, असे मात्र नाही. आहार श्रमास पुरत नसेल तर मुलींची मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात आणि वारंवार दुखापती होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेचे स्वतंत्र वर्णन केले, आणि ती मुलांतही आढळते असे नोंदविले. शालेय संघात वजन घटविणाऱ्या मुलीची पाळी चुकली, तर सराव वाढविण्याऐवजी तिला डॉक्टरांकडे पाठविले पाहिजे.