लांडग्यांच्या डोंगरावरील गाव

युरोप खंडाच्या आग्नेय भागात रुमानिया नावाचा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बानात नावाच्या प्रांतात, सेमेनिक पर्वताच्या रांगा पसरलेल्या आहेत. त्यांची सर्वोच्च शिखरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटर उंच आहेत. उतारांवर घनदाट अरण्ये आहेत. येथील तीन ओढ्यांच्या संगमातून टिमिश नदी जन्म पावते आणि पुढे सर्बिया देशात डॅन्यूब या महानदीस मिळते. संगमाजवळ धरण बांधून केलेल्या जलाशयाला ‘त्रेइ आपे’, म्हणजे ‘तीन पाणी’, असे साधे व अर्थपूर्ण नाव आहे.

या जलाशयाजवळच ब्रेबू नोऊ ही कोमुना वसलेली आहे. आपल्याकडे दोनतीन लहान गावांची मिळून एक ग्रामपंचायत असते, तशीच ही व्यवस्था होय. ब्रेबू नोऊ आणि गराना या दोन गावांचा हिच्यात समावेश होतो. रुमानियातील अत्यंत विरळ वस्तीच्या कोमुनांत हिची गणना होते. परंतु गाव लहान म्हणून त्याचा इतिहासही लहान असतो, असे नाही.

गरानाचे जुने नाव ‘वोल्फ्सबेर्ग’. हा जर्मन शब्द असून त्याचा अर्थ ‘लांडग्यांचा डोंगर’ असा होतो. रुमानियातील डोंगरावर जर्मन नाव कसे आले? अठराव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियाच्या सम्राटाने बानात प्रांत तुर्कांकडून जिंकून घेतला. सीमेच्या रक्षणासाठी तेथे लष्करी मुलूख निर्माण करण्यात आला. या मुलखातील पुरुष शेतकरीही असत आणि सैनिकही. त्यांच्या एका हातात नांगर, तर दुसऱ्या हातात बंदूक असे. ओसाड डोंगराळ भागात वस्ती व्हावी म्हणून १८२७ व १८२८ या वर्षांत बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातील, जर्मनभाषी कुटुंबे येथे आणण्यात आली. या लोकांना पुढे ‘पेमी’ हे नाव पडले. बोहेमिया या शब्दाचेच ते बोलीतील रूप होय.

स्वतःची जमीन मिळेल या आशेने ही माणसे मायभूमी सोडून शेकडो मैल दूर आली. समोर दिसले ते अरण्य! वृक्ष तोडावे, खोडे उपटावी, मग कोठे पेरणीपुरती जमीन मोकळी व्हावी. हिवाळा लांबलचक आणि उन्हाळा अगदी थोडा. त्यामुळे गव्हासारखी पिके नीट पिकत नसत. हे कष्ट असह्य होऊन अनेक कुटुंबे काही वर्षांतच सखल प्रदेशात निघून गेली. नव्याने वसविलेली दोन गावे तर पार उजाड झाली. जे मागे राहिले, त्यांनी बटाट्याचे पीक, गुरेढोरे आणि लाकूडकाम यांवर संसार उभा केला. त्यांच्या घरांची रचना हवामानाला साजेशी होती. घर, गोठा आणि कोठार यांनी वेढलेले बंदिस्त अंगण व त्याला भक्कम दरवाजा. बाहेर कितीही बर्फ पडो, आत गुरांची निगा राखता येई.

पुढे राज्ये बदलत गेली. गाव प्रथम ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते, नंतर हंगेरीकडे गेले आणि पहिल्या महायुद्धानंतर रुमानियात आले. गावकरी होते तेथेच राहिले. त्यांचा देश मात्र बदलत गेला. तरीही घरातील जर्मन बोली, चर्चमधील प्रार्थना आणि सणवार त्यांनी जिवापाड जपले.

दुसऱ्या महायुद्धाने रुमानियातील सर्वच जर्मनांवर आघात केला. जानेवारी १९४५ मध्ये १७ ते ४५ वर्षांचे पुरुष आणि १८ ते ३० वर्षांच्या स्त्रिया सक्तीच्या मजुरीसाठी सोव्हिएत रशियात नेण्यात आल्या. अशा लोकांची संख्या सुमारे सत्तर हजार होती. युद्धाचा अपराध कोणाचा आणि शिक्षा कोणाला, याचा विचार झाला नाही. जर्मन असणे एवढेच कारण पुरेसे ठरले. कित्येकजण परत आलेच नाहीत.

त्यानंतर साम्यवादी राजवटीत जगणे कठीण झाले. पश्चिम जर्मनीचे सरकार प्रत्येक माणसामागे रुमानियाच्या सरकारला पैसे देई, तेव्हा त्या माणसाला देश सोडण्याची परवानगी मिळे. १९८९ पर्यंत दोन लाखांहून अधिक जर्मन अशा रीतीने निघून गेले. त्या वर्षाअखेर राजवट कोसळली, सीमा खुल्या झाल्या आणि उरलेल्यांपैकीही बहुतेक गेले. १९३० साली रुमानियात सुमारे ७,४५,००० जर्मन होते. २०२१ च्या जनगणनेत ते सुमारे २३,००० उरले. पेमी लोकांचेच लिंडेनफेल्ड हे शेजारचे गाव तर संपूर्ण निर्मनुष्य झाले.

ज्यांच्या पूर्वजांनी एवढ्या कष्टाने अरण्य हटवून गाव वसविले, त्यांनीच ते का सोडले? मातीची ओढ कमी झाली म्हणून नव्हे. निर्भयपणे जगता येईल, मुलांना बरे दिवस येतील, या आशेने ती माणसे गेली. आणि त्यांचे पूर्वजही अशाच आशेने येथे आले होते.

गराना मात्र ओस पडले नाही. रिकामी झालेली कित्येक घरे तिमिशोआरा व इतर शहरांतील लोकांनी विकत घेऊन दुरुस्त केली. १९९७ पासून प्रतिवर्षी उन्हाळ्यात येथे जॅझ संगीताचा महोत्सव भरतो. श्रोते मोकळ्या कुरणात लाकडी ओंडक्यांवर बसून देशोदेशींच्या वादकांचे वादन ऐकतात. ज्या उतारावर एके काळी कुऱ्हाडीचे घाव घुमत, तेथे आता वाद्यांचे सूर घुमतात.

गावाच्या दफनभूमीतील थडग्यांवर आजही जर्मन नावे आहेत. नवे रहिवासी ती भाषा बोलत नाहीत. पण ज्या भिंतींच्या आत ते राहतात, त्या कोणी उभारल्या, हे त्या दगडांवरून त्यांना कळते. एखादे गाव नेमके कोणाचे म्हणावे? जे तेथे राहतात त्यांचे. आणि ज्यांनी ते वसविले त्यांचेही!