पीएसआय व्हायचंय, की तपास अधिकारी?



वस्तीतल्या अभ्यासिकेत पदवी झालेल्या मुला-मुलींना "काय व्हायचंय?" असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: पीएसआय. पुढचा प्रश्न विचारला, की "पीएसआय दिवसभर करतो काय?", तर बंदोबस्त, नाकाबंदी, गाडी आणि दोन स्टार एवढंच सांगितलं जातं. 'तपास' हा शब्द क्वचितच कुणाच्या तोंडी येतो. खरं तर त्या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे, आणि आपल्या समाजाने त्या कामातल्या चुकांची सगळ्यात जास्त किंमत मोजली आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. इंग्लंडमध्ये पदवीधर थेट शिकाऊ डिटेक्टिव्ह म्हणून पोलिसात जाऊ शकतो. महाराष्ट्र पोलिसांत असं वेगळं पद नाही. इथे आधी उपनिरीक्षक व्हायचं, पोलीस ठाण्यात गुन्हे हाताळायचे, आणि मग कुणी स्थानिक गुन्हे शाखेत, कुणी आर्थिक गुन्हे शाखेत, कुणी पुण्याला मुख्यालय असलेल्या सीआयडीत जातो. ठाण्यातलं डीबी पथक ही बहुतेकांची पहिली शाळा. पदवीवर केंद्रातही वाटा आहेत. सीबीआय आणि एनआयएचे उपनिरीक्षक एसएससीच्या सीजीएल परीक्षेतून निवडले जातात. आयबीच्या जाहिराती वेगळ्या निघतात, पण तिथे माहिती गोळा करण्याचं काम असतं. गुन्ह्याचा तपास करून आरोपपत्र दाखल करण्याचं काम आयबीचं नाही. अनेक मुलं या दोन गोष्टींत गल्लत करतात.

एमपीएससीची वाट सगळ्यांना पाठ आहे: पूर्व, मुख्य, शारीरिक चाचणी, मुलाखत. उंची पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५७. वयाची अट जाहिरातीत नीट वाचा, ती अधूनमधून शिथिल होते. आपल्यासाठी एक जास्तीची गोष्ट म्हणजे दाखला. धर्मांतरित बौद्धांना राज्यात सवलती आधीपासून होत्या, पण केंद्राने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश केला तो १९९० साली. त्यामुळे सीबीआय किंवा आयबीसाठी अर्ज करायचा असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं असेल तर ही धावपळ निकालानंतर करू नका, आत्ताच करा.

निवड झाली की नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी. सुमारे वर्षभराचं प्रशिक्षण. पहाटेची परेड, शस्त्र, दोर, घोडा याची चर्चा जास्त होते, कारण फोटो त्याचेच येतात. खरा अभ्यास वर्गात असतो: कायदा, न्यायवैद्यक शास्त्र, घटनास्थळाची पाहणी, जबाब, पंचनामा, केस डायरी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाल्याने कलमांचे आकडे नव्याने पाठ करावे लागतात, आणि कामाची पद्धतही बदलली आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येणं अपेक्षित आहे. मोबाइलमधला पुरावा कोर्टात टिकवायचा तर त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर व्हिडिओ कितीही स्पष्ट असला तरी बचाव पक्षाचा वकील आधी त्यावरच बोट ठेवतो.

अकादमीनंतर परिविक्षाधीन म्हणून जिल्ह्यात नेमणूक होते आणि शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू होतं. तिथे गुरू असतो जुना हवालदार. तो चांगला असेल तर तुमचं आयुष्य घडतं. नसेल तर तो तुम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतो की पंच कायमचे ठरलेले असतात, पंचनामा ठाण्यात बसून लिहिता येतो, आणि सगळे जबाब एकसारखे असले की 'केस घट्ट होते'. प्रत्यक्षात अशीच केस उलटतपासणीत पहिली कोसळते. कालाम सुत्तावरची व्याख्यानं आपण विहारात ऐकतो. रात्री दोन वाजता, वरिष्ठांचा फोन चालू असताना, पाहिलं तेवढंच लिहिणं ही त्याची खरी परीक्षा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं. पहिलं शवविच्छेदन इतकं निष्काळजीपणे झालं की पुरलेले मृतदेह बाहेर काढून ते पुन्हा करावं लागलं. पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि जातीय हेतू मान्य केला नाही. आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. पण सुरुवातीच्या काही दिवसांत जे लिहिलं गेलं नाही, जे जपून ठेवलं गेलं नाही, ते नंतरचा कोणताही मोर्चा परत आणू शकत नव्हता. खर्ड्याच्या नितीन आगे प्रकरणात २०१७ साली आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले.

मग प्रश्न येतो की ॲट्रॉसिटीचा तपास तर १९९५ च्या नियमांतल्या नियम ७ प्रमाणे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, त्यात पीएसआयचा संबंध काय? संबंध पहिल्या काही तासांचा आहे. डीवायएसपी येईपर्यंत फिर्याद कुणीतरी लिहिलेली असते, जागा कुणीतरी पाहिलेली असते, जखमीला कुणीतरी दवाखान्यात पाठवलेलं असतं.

एका कुटुंबासोबत मी रात्री एका ठाण्यात बसलो होतो. विहिरीवरून वाद, जातिवाचक शिवीगाळ, मारहाण. ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून पावती द्यायच्या तयारीत होता. नुकताच रुजू झालेला एक तरुण पीएसआय उठून आला. त्याने फक्त तीन गोष्टी विचारल्या. शिवी दिली तेव्हा आजूबाजूला कोण उभं होतं, आणि किती अंतरावर? आरोपी तुम्हाला किती वर्षांपासून ओळखतात? जातीचा दाखला घरी आहे का?

मला तेव्हा ते प्रश्न कोरडे वाटले. पुढे कायदा वाचल्यावर कळलं की केस त्या तीन प्रश्नांवरच उभी राहते. अपमान आणि जातिवाचक शिवीगाळीच्या कलमांसाठी घटना लोकांच्या दृष्टीसमोर घडलेली असावी लागते. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवलं. पंचनाम्यात साक्षीदार कुठे उभे होते हे नसेल तर आरोपीची सुटका जवळपास लिहून ठेवल्यासारखीच. ओळखीचा प्रश्न यासाठी, की २०१५ च्या दुरुस्तीनंतर आरोपी पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला ओळखत होता हे सिद्ध झालं, तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं. उलट सिद्ध करण्याचं ओझं मग आरोपीवर. आणि दाखला नसेल तर पीडित अनुसूचित जातीचा आहे हेच सिद्ध करता करता दमछाक होते.

नव्या संहितेमुळे आणखी एक गोंधळ होऊ शकतो. तीन वर्षे किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची सोय कलम १७३ मध्ये आहे. ॲट्रॉसिटी कायद्याचं २०१८ मध्ये आलेलं कलम १८अ मात्र सांगतं की गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. कुणी "आधी चौकशी करतो" म्हणत परत पाठवू लागला तर हे कलम दाखवता आलं पाहिजे, टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडूनही.

टेबलापलीकडे आपला माणूस बसला म्हणजे न्याय मिळेलच असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर दोन्हीकडून दबाव असतो. सहकारी म्हणतात "तुमचाच माणूस आहे, समजावून सांगा, मिटवून टाका." वस्तीतले म्हणतात "साहेब आपले आहेत, आरोपीला आजच आत टाका." त्यात एक विचित्र तपशील आहे. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा देणारं या कायद्याचं कलम ४ अनुसूचित जाती-जमातीच्या अधिकाऱ्याला लागू नाही. म्हणजे आपल्याच अधिकाऱ्याने फिर्याद दडपली तर हे कलम त्याला हात लावत नाही. विभागीय कारवाई होऊ शकते, पण ती किती वेळा होते हे कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको.

तयारी करणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. चालू घडामोडींच्या पुस्तकाइतकाच वेळ दुसऱ्या वाचनालाही द्या. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सवर मिळतात. आपल्या जिल्ह्यातल्या विशेष न्यायालयाचे ॲट्रॉसिटीतले दहा निर्दोष निकाल काढा आणि न्यायाधीशाने नेमकं कुठे बोट ठेवलंय ते वहीत उतरवा: फिर्यादीला उशीर, पंच फुटले, घटनास्थळाचा नकाशा नाही, दाखला जोडला नाही. एखाद्या दिवशी सत्र न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा, खुल्या न्यायालयात सहसा कुणी अडवत नाही. तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी चालू असेल तर ती पूर्ण ऐका. आणि अभ्यासिकेत दर रविवारी एकाने एक निकाल वाचून दाखवायचा, असं ठरवून टाका.