रक्तात लोह जास्त झालं तर?

आपल्याकडे रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टरांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या." इथे आयर्लंडमध्ये वेगळीच तऱ्हा. माझा ऑफिसमधला एक सहकारी दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस रजा टाकतो, ती अंगातलं लोह कमी करण्यासाठी रक्त काढून घ्यायला!

आजाराचं नाव हिमोक्रोमॅटोसिस. आयरिश लोकांत साधारण ८३ जणांमागे एकाला त्याचा सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून मिळालेला असतो. 'केल्टिक शाप' म्हणतात याला. १९९६ साली सापडलेल्या एचएफई जनुकातला हा दोष असला, की आतडी जेवणातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषत राहतात. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच. आमच्या भाषेत सांगायचं तर बेरजेचं फंक्शन आहे, वजाबाकीचं कुणी लिहिलेलंच नाही.

ते साचतं यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात, सांध्यांत. सुरुवात थकव्याने किंवा बोटांच्या सांधेदुखीने होते; चाळिशीत त्याकडे कोण लक्ष देतं? सहकाऱ्याच्या थोरल्या भावाला कळलं तेव्हा सिरॉसिस झालेला होता. मग सगळ्या भावंडांनी तपासून घेतलं, म्हणून याचं वेळेत सापडलं. दरवेळी अर्धा लिटर रक्तासोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. बस, एवढाच उपचार.

हा विशिष्ट दोष आपल्या लोकांत फार क्वचित दिसतो. त्यामुळे नुसतं फेरिटिन वाढलेलं पाहून घाबरू नका. फॅटी लिव्हर, मद्य, साधा संसर्ग यांनीही ते वाढतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर मात्र पुढची चौकशी हवी.

आपला खरा प्रश्न थॅलेसेमिया मायनरचा. त्यात तांबड्या पेशी लहान, हिमोग्लोबिन जरा कमी, म्हणून रिपोर्ट लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. लोह न तपासता वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात, गावाहून येताना आई बॅगेत आणखी चार पाकिटं कोंबते! एचबीए-२ ची तपासणी केली की उलगडा होतो. मूल होण्याआधी दोघांनीही ती करावी. दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला मेजरचा धोका चारात एक. त्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून येणारं लोह काढायला रोजची औषधं.