बुल म्हणजे सर्वस्व नव्हे

इलेक्ट्रॉनिक डार्टबोर्ड ही वस्तू आता अमेरिकेतील वा जपानमधील मद्यगृहांपुरती मर्यादित राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील विरंगुळ्याच्या खोल्यांत आणि हौशी कुटुंबांच्या दिवाणखान्यांतही ती भिंतीवर स्थानापन्न झालेली आढळते. तिच्या आगमनाचा मला आनंदच आहे. परंतु तिच्यासोबत एक समजूतही आली असून, जेथे म्हणून हा फलक टांगलेला पाहिला तेथे ती कोणी ना कोणी नवागताला ठासून सांगत असल्याचे माझ्या कानी पडत आले आहे : फलकाच्या मधोमध असलेला लाल ठिपका, ज्याला बुल म्हणतात, तोच सर्वाधिक मोलाचा, तेव्हा खेळ कोणताही असो, नेम तेथेच धरावा, आणि ज्याचे डार्ट तेथे अधिक लागतील तोच जिंकेल. या विधानाची तिन्ही कलमे चुकीची आहेत, आणि ती इतक्या अधिकारवाणीने सांगितली जातात की बिचारा नवागत पहिल्याच दिवशी चुकीच्या दिशेने शिकू लागतो.

पहिले कलम अंकगणितानेच निकालात निघते. बुलचे दोन भाग असतात : आतील ठिपक्याचे ५० गुण आणि त्याभोवतीच्या कड्याचे २५. फलकाच्या वीस खंडांतून, मध्य आणि परीघ यांच्या साधारण मध्यावर, एक अरुंद कडे फिरलेले असते, व त्यात लागलेल्या डार्टचे गुण त्या खंडाच्या अंकाच्या तिप्पट होतात. म्हणजे विसाच्या तिपटीचे ६०, एकोणिसाच्या तिपटीचे ५७, अठराच्या तिपटीचे ५४ आणि सतराच्या तिपटीचे ५१. चार घरे बुलच्या वर आहेत. योग्यतेने पाहता बुलचा क्रमांक पाचवा लागतो. तीन डार्टांच्या एका पाळीत मिळू शकणारे कमाल गुण १८० आहेत, १५० नव्हेत, आणि ते तिन्ही डार्ट विसाच्या तिपटीत लागल्यावाचून मिळत नाहीत.

यावर एक प्रत्युत्तर ठरलेले असते : "अहो, पण मधला ठिपका लहान असतो, म्हणून तर त्याची किंमत जास्त!" लहान आहे हे खरे, किंमत जास्त हे खोटे. पोलादी टोकाच्या डार्टांसाठीच्या प्रमाणित फलकाची मापे घेऊन हिशेब केला, तर आतील बुलचा व्यास १२.७ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस मिलिमीटर भरते; विसाच्या तिपटीचे घर मात्र सुमारे २५९ चौरस मिलिमीटरचे असते. अर्थात आतील बुलच्या दुप्पट मोठे असूनही विसाच्या तिपटीचे घर दहा गुण अधिक देते. कठीण तितके मोलाचे हा न्याय डार्टच्या फलकावर लागू पडत नाही.

या समजुतीचे मूळ कोठे असावे याचा विचार करता मला नेमबाजी आठवते. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, तेव्हा घरोघरी लोकांनी ते लक्ष्य पाहिले : एकात एक वर्तुळे, मध्याकडे जावे तसतसे गुण वाढणारे. तेथे मध्य हाच परमोच्च बिंदू आहे. डार्टच्या फलकाची रचना मात्र निराळ्याच तत्त्वावर झालेली असून, तीत मोठ्या अंकाच्या दोन्ही बाजूंस मुद्दाम लहान अंक बसवलेले आहेत. विसाच्या एका अंगास पाच आणि दुसऱ्या अंगास एक. एकोणिसाच्या शेजारी सात आणि तीन. सतराच्या शेजारी दोन आणि तीन. ही मांडणी प्रथम कोणी केली याबद्दल इंग्लंडात वाद आहे, तिच्या हेतूबद्दल मात्र नाही : मोठ्या लाभाच्या आशेने जो चुकेल, त्याला चुकीचा दंड भरावा लागावा.

मग नवशिक्याने काय करावे? येथे उत्तर सरळ नाही, आणि ज्यांना माझ्या म्हणण्याची शंका येईल त्यांच्यासाठी पुरावा देतो. रायन टिबशिरानी, अँड्र्यू प्राइस आणि जोनाथन टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी २०११ साली 'जर्नल ऑफ द रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी'त याच प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. नेम कोठे धरला असता सरासरी गुण सर्वाधिक पडतील हे खेळणाराचा हात किती विखुरतो यावर अवलंबून असते, असे त्यांनी गणिताने दाखवले. ज्याच्या डार्टांचे मानक विचलन सुमारे १६ मिलिमीटरच्या आत आहे, अशा निष्णाताने विसाच्या तिपटीवर नेम धरावा. त्याहून थोडा कच्चा असेल त्याने एकोणिसाच्या तिपटीकडे वळावे. आणि ज्याचा डार्ट कोठेही जाऊ शकतो, त्याने बुलच्या जवळपास, परंतु नेमके बुलवर नव्हे, तर त्याच्या किंचित खाली आणि डावीकडे नेम ठेवावा, कारण सोळा, अकरा, चौदा हे भरघोस अंक त्या अंगास आहेत. म्हणजे नवशिक्याला मध्याकडे पाठवणाऱ्या सल्लागाराच्या हाती सत्याचा एक अंश आहे खरा. तो अंश बुलच्या मोलामुळे नव्हे, तर नवशिक्याच्या चुकांमुळे सिद्ध होतो, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक फलकाने या गोंधळात आणखी भर घातली आहे. या यंत्रावर पुष्कळदा एक सवलत उपलब्ध असते, जिला फॅट बुल म्हणतात : तीत बुलचे आतील आणि बाहेरील दोन्ही भाग ५० गुणांचे मानले जातात. ही सवलत चालू असताना मध्यावर नेम धरणे बहुसंख्य खेळाडूंच्या हिताचे ठरते. जपानमधील खेळाडू एका पाळीत तीन बुल साधण्याला हॅट ट्रिक म्हणतात व तिचा गौरव करतात, तो योग्यच आहे. परंतु सवलत हा नियम नव्हे. काउंट-अप या अगदी सोप्या खेळात, आठ पाळ्यांत चोवीस डार्ट फेकून नुसती बेरीज करायची असते. तेथे सारे डार्ट बुलमध्ये घातले तरी १२०० होतात, आणि कमाल मर्यादा १४४० ची आहे.

आता दुसऱ्या व तिसऱ्या कलमाकडे वळतो, कारण खरे नुकसान तेथे होते. ३०१, ५०१, ७०१ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खेळांत गुण मिळवायचे नसून फेडायचे असतात. प्रत्येक खेळाडूच्या नावे तेवढी रक्कम मांडलेली असते, त्यातून प्रत्येक डार्टचे गुण वजा होतात, आणि ज्याची बाकी प्रथम नेमकी शून्यावर येते तो विजयी ठरतो. येथे बुलभक्ताची अवस्था पाहा. फॅट बुल चालू आहे, हात विलक्षण बसलेला आहे, आणि त्याने तीन पाळ्यांतले नऊही डार्ट मध्यात घातले : ४५० फिटले, पडद्यावर बाकी ५१. चौथ्या पाळीचा पहिला डार्ट पुन्हा बुलमध्ये जातो आणि बाकी १ उरते. खेळ दुपटीने, म्हणजे परिघावरील दुप्पट गुणांच्या अरुंद कड्यात शेवटचा डार्ट लावून, संपवण्याचा नियम, ज्याला डबल-आउट म्हणतात, चालू असेल, तर १ ही बाकी कोणत्याच दुपटीने फिटत नाही, कारण सर्वांत लहान दुप्पट २ ची आहे. यंत्र खडा आवाज काढते, पाळी बाद होते, उरलेले दोन डार्ट फुकट जातात आणि पडद्यावर पुन्हा ५१ चा आकडा येतो. याला बस्ट म्हणतात. अशा वेळी "यंत्र बिघडले आहे" असा आरोप करणारे लोक असतात. यंत्राने आपले काम चोख बजावलेले असते. २५ आणि ५० यांच्या पटीत फेड करणाऱ्याच्या नशिबी, मूळ रक्कम ३०१ असो, ५०१ असो वा ७०१ असो, अखेरीस १ हीच बाकी येणार, हे गणित फलकाकडे न पाहताही करता येते.

जाणता खेळाडू ५१ वर काय करतो? तो एकोणीस साधा घेतो, बाकी ३२ ठेवतो आणि सोळाच्या दुपटीवर नेम धरतो. ३२ ही बाकी त्याला प्रिय असण्याचे कारण असे, की दुपटीचे कडे हुकून डार्ट आतल्या बाजूस साध्या सोळात गेला तरी १६ उरतात, त्यांसाठी आठाची दुप्पट आहे. ती तशीच हुकली तर ८, मग ४, मग २. चुकल्यावरही मार्ग खुला राहील अशी बाकी मागे ठेवणे, ही या खेळातील खरी विद्या आहे, आणि 'बुल मारा' या उपदेशात तिचा मागमूस नाही.

बुलचे न्याय्य स्थानही सांगितले पाहिजे. दुपटीने संपवण्याच्या नियमात आतील बुल हा पंचविसाची दुप्पट मानला जातो, म्हणून ५० बाकी असता एका डार्टात खेळ संपवता येतो. आणि एका पाळीत फेडता येणारी सर्वांत मोठी बाकी १७० ही, साठ, साठ आणि पन्नास अशी, बुलवाचून फिटत नाही. १६७, १६४ आणि १६१ या बाक्यांचीही तीच गोष्ट. निष्णात खेळाडू बुलचा सराव करतात तो अशा प्रसंगांसाठी. ५०१ ची संपूर्ण रक्कम दुपटीने संपवत फेडण्यास किमान नऊ डार्ट लागतात. इंग्लिश डार्टपटू जॉन लो यांनी १९८४ साली इंग्लंडातील स्लाव येथे दूरचित्रवाणीसमोर प्रथमच ती करामत केली.

याच फलकावर खेळल्या जाणाऱ्या क्रिकेट या नावाच्या खेळाचा आपल्या क्रिकेटशी धावा-बळींचा काहीच संबंध नाही. त्यात पंधरा ते वीस हे सहा अंक आणि बुल, एवढ्यांनाच महत्त्व असते. प्रत्येकावर तीन खुणा केल्या की ते घर आपल्या कबजात येते. साध्या डार्टची एक खूण, दुपटीच्या दोन, तिपटीच्या तीन. आणि प्रतिस्पर्ध्याने ते घर बंद करेपर्यंत पुढील प्रत्येक खुणेचे गुण आपल्याला मिळत राहतात. सर्व घरे बंद करून ज्याचे गुण प्रतिस्पर्ध्याइतके वा अधिक असतील तो जिंकतो. येथे बुलला तिप्पट नसल्यामुळे तो बंद करण्यास किमान दोन डार्ट लागतात, तर वीस एकाच डार्टात बंद होऊ शकतो. विसाच्या तिपटीत तीन डार्ट लागले, तर पहिल्याने घर ताब्यात येते व पुढील दोघांनी १२० गुण पडतात. आतील बुलमध्ये तीन डार्ट लागले, तर सहा खुणांपैकी तीन घर घेण्यात खर्च होऊन हाती ७५ येतात. म्हणून विसापासून आरंभ करून बुल अखेरीस ठेवण्याचा प्रघात पडला आहे. कट-थ्रोट हा याचाच प्रकार असून त्यात गुण प्रतिस्पर्ध्याच्या नावे चढतात व कमी गुणांचा खेळाडू जिंकतो. "जास्त गुण तो विजयी" हा नियम सार्वत्रिक नाही, याचे एवढे उदाहरण पुरे.

शांघाय नावाच्या आणखी एका खेळाच्या प्रचलित रीतीत पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन, असे क्रमाने एकेका अंकावरच गुण मिळतात, आणि त्याच अंकाचा साधा, दुप्पट व तिप्पट एका पाळीत साधल्यास खेळ तत्क्षणी जिंकला जातो. तेथे बुलचे मोल शून्य.

बुलखेरीज आणखीही काही गैरसमज आहेत. डार्ट फलकावर रुतला नाही तर गुण नाहीत, हा नियम पोलादी टोकाच्या खेळाचा आहे. इलेक्ट्रॉनिक फलकातील प्लास्टिकचा तुकडा दाबला गेला की त्याच्या मागील पातळ पडद्यांचा विद्युत्-संपर्क होऊन गुण नोंदला जातो, आणि डार्ट नंतर खाली पडला तरी सर्वसाधारण दस्तुरानुसार नोंद कायम राहते. जोराने फेकल्यास नोंद अधिक अचूक होते, हेही खोटे. जोराने डार्टांची प्लास्टिकची टोके मात्र मोडतात. पोलादी टोकाचा डार्ट या फलकावर कधीही फेकू नये, तो फलकाचा नाश करतो. फेकण्याचे अंतर भिंतीपासून मोजू नये, फलकाच्या दर्शनी पृष्ठभागाच्या सरळ खालच्या बिंदूपासून मोजावे. पोलादी टोकासाठी ते २.३७ मीटर, प्लास्टिकच्या टोकासाठी बहुतेक लीगमध्ये २.४४ मीटर, आणि बुलची उंची दोहोंत जमिनीपासून १.७३ मीटर.

राहता राहिला एक समज : यंत्र आहे, तेव्हा नियम तेच ठरवील. यंत्र नियम ठरवीत नाही, निवडलेल्या नियमांची अंमलबजावणी करते. बटणे दाबणाराने काय निवडले हे इतरांना ठाऊक नसेल, तर निम्मी भांडणे तेथेच उद्भवतात. म्हणून पहिला डार्ट हाती घेण्यापूर्वी सर्वांसमक्ष चार प्रश्न विचारून घ्यावेत : बुल एकसंध की विभक्त, शेवट कोणत्याही डार्टने की दुपटीने, क्रिकेट साधे की कट-थ्रोट, आणि पाळ्यांची मर्यादा किती. एवढे ठरवून मग खेळास बसावे, ही सर्व हौशी मंडळींना माझी आग्रहाची विनंती आहे.