शरदातला कावेरीकाठ

महाराष्ट्रातील मनुष्य प्रवासाचा बेत आखू लागला म्हणजे पंचांगाचे एक जुने गणित त्याच्या मनात आपोआप मांडले जाते. आषाढ-श्रावण घरी काढावेत, भाद्रपदात गणपती बसवावेत, आणि नवरात्र उठून शिलंगण झाले की पाय घराबाहेर टाकावा. मराठ्यांच्या फौजा याच हिशेबाने दसऱ्याला बाहेर पडत. त्या सुमारास ओढ्यानाल्यांचे पाणी उतरलेले असे, चिखल वाळलेला असे आणि जनावरांना गवत मुबलक असे. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात हे गणित आजही बहुधा बिनचूक उतरते. परंतु तेच गणित बरोबर घेऊन जो कोणी दिवाळीच्या सुटीत मोटारीने कावेरीच्या मुखाकडे, तंजावर-कुंभकोणमकडे निघेल, त्याला आपण मागे टाकून आलेला पाऊस पुढे उभा असलेला दिसेल.

याचे कारण वाऱ्याच्या दिशेत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून येणारे वारे आपले बहुतेक पाणी सह्याद्रीवर रिते करतात आणि पलीकडच्या तामिळ किनाऱ्याच्या वाट्याला थोडेच येते. पुढे सूर्य दक्षिणेकडे झुकला की वारा उलटतो. ईशान्येकडून येणारा हा वारा बंगालच्या उपसागरावरून वाहताना बाष्प उचलतो आणि ते चोळमंडलाच्या किनाऱ्यावर आणून टाकतो. तामिळनाडूच्या वार्षिक पावसापैकी जवळजवळ निम्मा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. त्याच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख २० ऑक्टोबरच्या आसपास धरतात. म्हणजे आपल्या आश्विनात तेथे वर्षाकाळ उंबरठ्यावर येतो. अधिक मासाच्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते आणि भर पावसात सापडते. म्हणून या प्रवासाचा बेत तिथीवर न करता तारखेवर करावा हे बरे.

तरीही हा प्रदेश पाहावा तो शरदातच. त्रिभुज प्रदेशात पाणी दोन वाटांनी येते. पहिले पाणी कोडगूच्या डोंगरांत, तलकावेरीच्या परिसरात जून-जुलैमध्ये पडते. म्हणजे तेही सह्याद्रीचेच. ते १९३४ साली पुरे झालेल्या मेट्टूरच्या धरणात साठते आणि तेथून शेतीसाठी सोडतात. १२ जून ही त्यासाठी ठरून गेलेली तारीख आहे. मात्र पाण्याला तारीख नेहमीच पाळता येत नाही. २०२२ मध्ये दरवाजे मे महिन्यातच उघडले, तर २०२४ मध्ये त्यासाठी जुलैअखेर उजाडली. दुसरे पाणी ऑक्टोबरनंतर थेट आकाशातून येते. या दोहोंच्या सांध्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, कालवे भरलेले असतात, शेते हिरवी असतात आणि रस्ते अद्याप कोरडे असतात. उकाडा असतो, तो सोसावा. प्रवाशाला मोकळा सापडणारा काळ एवढाच, आणि त्याच काळात बहुधा नवरात्रही येते.

नकाशावर बोट कोठे ठेवावे, हा पुढचा प्रश्न. तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम् आणि स्वामिमलै यांच्यामध्ये सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे लहानसे स्थानक आहे. तामिळ भाषेत पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ. सौंदर्यावरून ज्याचे नाव पडले अशा विष्णूचे देऊळ गावात आहे आणि गावाने त्याचेच नाव घेतले आहे. प्रवासी पुस्तकांतून या गावाचा उल्लेख क्वचितच आढळतो. परंतु उत्तरेस कावेरी, त्याहून उत्तरेस कोळ्ळिडम्, दक्षिणेस कावेरीच्याच शाखा, आणि पूर्व-पश्चिमेस एकामागून एक क्षेत्रे, अशा जागी ते बसले आहे. मुक्कामाची सोय जवळच कुंभकोणमला होते. बेत मात्र या गावावर बोट ठेवून आखला तर सर्व दिशांच्या वाटा सारख्या सोप्या दिसू लागतात. शेजारच्या पापनाशम् येथील देवळाच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे धान्याचे कोठार उभे आहे. ते पाहिले म्हणजे ही सारी भूमी कशासाठी राबत आली ते ध्यानात येते.

पश्चिमेकडील वाट पहिल्या दिवशी घ्यावी, कारण नद्यांचा उलगडा तिकडेच होतो. महाराष्ट्रातील मनुष्याच्या डोळ्यांना सवय असते ती समुद्राकडे जाता जाता रुंद होणाऱ्या नदीची. कावेरी येथे उलट वागते. तिरुच्चिरापळ्ळीजवळ तिचे पात्र विशाल असते, कुंभकोणमला ती मध्यम होते, आणि पूम्पुहारला समुद्राला मिळते तेव्हा हीच का ती कावेरी, असा प्रश्न पडतो. वाटेत तिने आपले पाणी शाखांना, शाखांनी कालव्यांना, आणि कालव्यांनी शेतांना वाटून टाकलेले असते. तंजावरजवळच्या तिरुवैयारु या गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. संत त्यागराजांची समाधी तेथे कावेरीच्या काठी आहे.

ही वाटणी जेथे होते ते ठिकाण म्हणजे कल्लणै. करिकाल चोळाने सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी हा दगडी बांध घातला अशी परंपरा आहे. येथून कावेरी, वेण्णार आणि १९३४ सालचा नवा कालवा असे तीन प्रवाह शेतीकडे वळतात, आणि जादा पाणी कोळ्ळिडम्‌मध्ये सोडले जाते. कोळ्ळिडम् ही कावेरीची उत्तरेकडील शाखा असून ती पुराची वाहक आहे. तिचा तळ खोल, उतार सरळ. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाणी तिकडेच धावू लागले, कावेरीच्या पात्रात गाळ साठू लागला आणि तंजावरची शेते कोरडी पडण्याची भीती उत्पन्न झाली. तेव्हा आर्थर कॉटन या इंग्रज स्थापत्यज्ञाने १८३६च्या सुमारास वरच्या बाजूस मुक्कोम्बू येथे आणि खालच्या बाजूस अणैक्करै येथे कोळ्ळिडम्‌वर बंधारे घातले. प्राचीन बांधाचा पाया वाळूत कसा टिकला हे अभ्यासूनच त्याने आपले काम केले. मुक्कोम्बूच्या जुन्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे २०१८च्या ऑगस्टमधील पुरात वाहून गेले आणि त्यानंतर नवा बंधारा बांधण्यात आला. म्हणून मेट्टूरमधून जादा पाणी सोडल्याची वार्ता असेल, त्या दिवशी कोळ्ळिडम्‌च्या वाळूत उतरू नये. एरवी कोरडे दिसणारे ते पात्र पाहता पाहता भरते.

याच कोळ्ळिडम्‌च्या उत्तर तीरावर, तिरुमळपाडी येथे, १६७७ साली शिवाजी महाराज आणि व्यंकोजी राजे या भावांची भेट झाली. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीचा प्रश्न होता. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी राजे रात्रीतून नदी ओलांडून तंजावरला परतले. महाराज नदीच्या दक्षिणेस उतरले नाहीत. पुढे पावणेदोनशे वर्षे तंजावरला भोसल्यांचे राज्य राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ सालचा भोसले कुळाचा मराठी शिलालेख आहे, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या व मोडी दप्तरे आहेत. मराठी प्रवाशाने त्यांना अर्धा दिवस द्यावा. एक तास पुरत नाही.

उत्तरेची वाट सरोवरांची. अणैक्करैचा बंधारा ओलांडून गंगैकोंडचोळपुरम्, आणि तेथून वीराणम्. तामिळ भाषेत अशा जलाशयास एरी म्हणतात. हे निसर्गाने केलेले सरोवर नव्हे. सपाट भूमीवर लांबच लांब बांध घालून अडविलेले ते पाणी आहे. वीराणम् दहाव्या शतकात चोळांनी बांधले. त्याला अणैक्करैहून वडवार कालव्याने पाणी मिळते आणि २००४ पासून त्यातून चेन्नई नगरीचीही तहान भागते. कल्कींच्या ‘पोन्नियिन् सेल्वन्’ या कादंबरीचा प्रारंभ याच बांधावर एका घोडेस्वाराने होतो, त्यामुळे तामिळ वाचकाला हा बांध ओळखीचा वाटतो. बांधावरून मोटार हळू न्यावी. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली, भातशेती असा देखावा आपल्याकडे सहसा पाहावयास मिळत नाही.

पूर्वेची वाट थोडक्यात सांगता येते. मयिलाडुतुरै येथे ऐप्पसी महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभर, कावेरीत तुलास्नानाचा पर्वकाळ असतो. ज्याला तो साधावयाचा असेल त्याने पाऊस गृहीत धरावा. समुद्रकाठच्या नागपट्टिणम्‌कडे नोव्हेंबरात वळण्यापूर्वी हवामानवृत्त अवश्य ऐकावे. १६ नोव्हेंबर २०१८च्या ‘गज’ वादळाने त्या किनाऱ्याच्या नारळबागा आडव्या केल्या.

दक्षिणेची वाट मराठ्यांच्या छत्रांची आहे. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली. छत्रम् म्हणजे धर्मशाळा, अन्नछत्र आणि पुष्कळदा पाठशाळाही. नीडामंगलम् येथे यमुनांबाळ छत्रम् आहे. ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्रम् आहे. ते दुसऱ्या सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ १८०२ साली उभारले. १७९९ साली कंपनीने राज्यकारभार काढून घेतला, तरी छत्रे आपल्याकडे राहावीत असा आग्रह या राजाने धरला. राज्य गेल्यावरही वाटसरूंच्या जेवणाची काळजी वाहणारा हा राजा मराठी इतिहासात जितका आठवला जावा तितका आठवला जात नाही. याच भागात मन्नारगुडीला समर्थ संप्रदायाचा मठ आहे, आणि तंजावर-मन्नारगुडी रस्त्यावर वडुवूरचा तलाव आहे. पाणी चढू लागले की तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. नोव्हेंबरपासून त्यांची दाटी होते, त्यामुळे ऑक्टोबरच्या प्रवाशाने थोड्यांवर समाधान मानावे.

वेळेसंबंधी दोन गोष्टी. देवळे दुपारी सुमारे बारा ते चार बंद असतात, म्हणून देवळे सकाळी आणि पाणी दुपारी, असा क्रम ठेवावा. दुसरी गोष्ट रस्त्यांची. मोठ्या मार्गांवर वेळ वाचतो हे खरे, परंतु लहान रस्त्यांवर ऑक्टोबरात कुरुवै हंगामाचे भात वाळत घातलेले असते. सरकारी खरेदी केंद्रावर सतरा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेले धान्य सामान्यतः घेत नाहीत, आणि खळ्यांची जागा अपुरी. एका सरीने आठवड्याचे श्रम भिजतात, म्हणून शेतकरी तापलेल्या डांबरी रस्त्याचा आश्रय घेतो. मोटारवाल्याने अशा वेळी उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून, समोरच्या वाहनाला वाट देत, सावकाश जावे. धान्यावर चाक घालू नये. नीडामंगलम्‌हून वलंगैमानमार्गे कुंभकोणमला परतणारा रस्ता असाच अरुंद आहे आणि भाताच्या राशी रात्री ताडपत्रीखाली झाकून कडेलाच ठेवलेल्या असतात. तेव्हा वडुवूरहून उन्हे असतानाच निघावे.