भूल असतानाही बधिर का करतात?

कुत्रीची नसबंदी म्हणजे पोट उघडून अंडाशय, बहुधा गर्भाशयही काढणं. भूल दिल्यावर पुन्हा बधिर कशाला? भुलीत मेंदू झोपतो. कापलेल्या जागेच्या नसा मात्र मज्जारज्जूला संदेश धाडतच राहतात. जाग आली की ठणका सुरू. म्हणून सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पोटाच्या स्नायूंच्या आतल्या दोन थरांमध्ये सुई नेतात. बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध सोडताच थर अलग होऊन काळी फट रुंदावताना दिसते. पोटाच्या भिंतीच्या नसा तिथूनच जातात. त्या काही तास गप्प! अंडाशय ओढतानाची आतली कळ मात्र यानं थांबत नाही, त्यामुळे इतर वेदनाशामकं लागतातच. मात्राही वजनानुसारच; जास्त झाली तर हृदयावर बेततं. आणि घरी आणल्यावर कणव येऊन आपली आयबुप्रोफेनची गोळी तिला देऊ नका, ती कुत्र्यांना विषारी असते.