बहात्तर हातांचं गाव

जिंगदेझेनमध्ये रस्त्यावरच्या दिव्यांचे खांबसुद्धा चिनी मातीचे आहेत. पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, वर दिवा. पाहुण्यांनी फोटो काढावेत म्हणून केलेली ही सजावट आहे आणि ती तशीच दिसतेही. गावाची खरी ओळख जुन्या गल्ल्यांतल्या भिंतींवर पटते. तिथल्या विटा काळपट आहेत, मधूनच एखादी काच ओतल्यासारखी चकाकते. या भट्टीच्या विटा. लाकडावर चालणारी भट्टी काही वर्षांत आतून खचते. मग ती पाडून नवी बांधायची आणि निघालेल्या विटा घराला, कुंपणाला, गल्लीच्या फरसबंदीला लावायच्या, अशी इथली पिढ्यानपिढ्यांची रीत.

चीनच्या आग्नेय भागातल्या जिआंगशी प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यात, डोंगरांच्या कुशीत हे शहर आहे. पूर्ण जिल्हा धरून वस्ती सोळा लाखांच्या आसपास, म्हणजे चीनच्या मानाने लहानच. जवळचा फूलियांग भाग तांग काळापासून चहासाठी प्रसिद्ध होता. भांडी तेव्हाही होत होती, पण नाव झालं ते सोंग काळात. सम्राट चनझोंगला इथली भांडी इतकी आवडली, की १००४ साली त्याने आपल्या राजवटीचं ‘जिंगदे’ हे बिरुद गावाला देऊन टाकलं. सम्राटाच्या आवडीइतकाच भूगोलही कामी आला. भांड्यांचा दगड डोंगरात, भट्टीला पाइनचं लाकूड डोंगरात, दगड कुटणारे लाकडी उखळ-मुसळ चालवायला ओढ्यांचं पाणी आणि माल न फोडता बाहेर न्यायला चांग नदी. ही नदी पोयांग सरोवराला मिळते, तिथून यांगत्से नदी आणि पुढे सगळं जग. युआन काळात दगडाच्या पुडीत काओलिन माती मिसळण्याची युक्ती सापडली. तेराशे अंशांच्या आचेतही न बसणारी मोठी भांडी मग करता येऊ लागली. ज्या काओलिंग गावावरून या मातीला जगभर नाव मिळालं, ते इथून जवळच आहे.

पण दगड, माती आणि नदी इतर ठिकाणीही असतात. जिंगदेझेनची करामत काम वाटून घेण्यात आहे. १६३७ साली सोंग यिंगशिंगने आपल्या ग्रंथात नोंदवलं, की एक पेला तयार होईपर्यंत बहात्तर हातांतून जातो. द’आंत्रकोल नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राहिला. १७१२ आणि १७२२ च्या त्याच्या पत्रांतही जवळपास हेच आहे. चाकावर भांडं चढवणारा वेगळा, ते तासणारा वेगळा. चित्रकारांतही एक जण फक्त काठाखालची रेघ ओढणार, दुसरा फुलांच्या कडा काढणार, तिसरा त्यांत रंग भरणार.

यांतलं तासकाम पाहण्यासारखं असतं. चाकावरून उतरलेलं भांडं जाड आणि ओबडधोबड असतं. ते वाळलं की तासणारा कारागीर ते पुन्हा चाकावर उलटं बसवतो आणि लोखंडी पात्यांनी सोलत जातो. पांढरा भुसा उडत असतो, कारागीर मधूनच थांबतो आणि कलिंगड वाजवून पाहावं तसं बोटाने भांड्याचं अंग ठोकतो. आवाजावरून भिंत किती उरली ते त्याला कळतं. एक वेढा जास्त पडला, की भांडं गेलं. पुढे चित्रकार कोबाल्ट लावतो तेव्हा रंग मळकट करडा दिसतो. निळाई भट्टीतून बाहेर आल्यावरच उघडते. भट्टीत भांडं आकसतंही, म्हणून सुरुवातीलाच सगळं मोठ्या मापाने धरावं लागतं.

या निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या इतिहासात एक मुंबईकरही आहे. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी. पर्सिव्हल यांनी चिनी पोर्सिलेनचा जो संग्रह केला, त्यात जिंगदेझेनच्या दोन उंच फुलदाण्या आहेत. त्यांच्या गळ्यावर एका देवळाला अर्पण केल्याचा लेख आहे आणि तारीख १३५१ सालची. युआन काळातली निळी-पांढरी भांडी ओळखण्याचं माप अभ्यासकांना या जोडीने दिलं. हा संग्रह २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतो.

मिंग काळात झूशान टेकडीपाशी दरबाराचा स्वतःचा कारखाना उभा राहिला. दरबारी नियम कडक होता. किंचित डाग असलेलं भांडंही फोडून पुरायचं, बाहेर जाऊ द्यायचं नाही. पुरातत्त्वज्ञांनी ते तुकडे उकरून जुळवले आणि नाकारलेल्या मालावरच संग्रहालयं भरली. उत्तीर्ण झालेल्या मालाचं काय होतं, त्याचा नमुना २०१४ चा. कोंबडा-कोंबडीची चित्रं असलेला, छंगह्वा या मिंग सम्राटाच्या काळातला इवलासा पेला हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरला गेला आणि घेणाऱ्याने त्यातून चहा पिऊन घेतला. गंमत अशी, की मिंगच्या उत्तरार्धापासून दरबाराचा मालही गावातल्या खासगी भट्ट्यांत भाजून घेतला जाई. बादशहालाही गल्लीची गरज लागत होती.

हे पुढच्या राज्यकर्त्यांच्या लक्षात राहिलं नाही. १९४९ नंतर सगळे कारागीर गोळा करून ‘दहा मोठे कारखाने’ उभे केले. काही दशकं ते जोरात चाललेही. १९९० च्या दशकात बाजार खुला झाला तेव्हा ग्वांगदोंगमधल्या छाओझोऊसारख्या ठिकाणचा स्वस्त माल समोर आला आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो लोक घरी बसले. त्यात २००९ साली केंद्र सरकारने ‘खनिज संपत आलेल्या शहरांच्या’ यादीत जिंगदेझेन घातलं, कारण चांगली माती सरत आली होती. त्या पडत्या काळात शहराला दुसराही आधार होता. छांगहे कंपनी इथेच हेलिकॉप्टर बनवते आणि एकेकाळी सुझुकीबरोबर गाड्याही बनवत होती.

कारखाने गेले, पण हात गावातच राहिले. त्यांनी घरात, गल्लीत, भाड्याच्या खोलीत आपापला एकच धंदा मांडला. कुणी फक्त साचे करतो, कुणी फक्त झिलईचा रस विकतो, कुणी फक्त भट्टी चालवतो आणि जागेप्रमाणे भाडं घेतो. त्यामुळे आज एखादी मुलगी बीजिंगहून एकटी येते, स्वतःचं चाकही विकत घेत नाही. चित्र तिचं, भांडं दुसऱ्याचं, झिलई तिसऱ्याची, भट्टी चौथ्याची. कच्ची भांडी लांब फळ्यांवर मांडून हातगाडीने भट्टीकडे नेणारेही मिळतात. अशा आलेल्यांना ‘जिंगपियाओ’, म्हणजे जिंगदेझेनमध्ये वाहत आलेले, म्हणतात. काही वर्षांपूर्वीचा सरकारी आकडा सुमारे तीस हजारांचा होता आणि त्यात परदेशीही आहेत. चिनी कलाकार आय वेवेने २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात पसरलेल्या पोर्सिलेनच्या दहा कोटी सूर्यफूल-बिया याच गावाने हाताने रंगवून दिल्या. इतकी मोठी मागणी पेलायला एका छपराखालचा कारखाना लागला नाही, ही माझ्या मते या गावाची सगळ्यात मोठी शिकवण.

सरकारने आता गल्लीशी जुळवून घेतलंय. दहांपैकी एका कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये २०१६ साली थाओशीछ्वान ही वसाहत सुरू झाली. चिमण्या तशाच ठेवल्या, खाली दुकानं, कार्यशाळा आणि संध्याकाळचा बाजार. झू पेई या वास्तुकाराचं शाही भट्टी संग्रहालय भट्टीच्याच आकाराच्या लांबट विटांच्या कमानींचं आहे आणि त्यात जुन्या विटाही वापरल्या आहेत. ते चुकवू नये. शहराच्या चिनी माती संग्रहालयात मात्र सध्या झुंबड एकाच मूर्तीपुढे. कपाळावर आठ्या घातलेला एक अर्हत ‘निःशब्द बोधिसत्त्व’ म्हणून २०२३ मध्ये मोबाइलवर गाजला. ऑफिसला कंटाळलेल्या तरुणांना त्याच्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्याच वर्षाच्या शेवटी नवा जलद रेल्वेमार्गही सुरू झाला आणि गर्दी आणखी वाढली. बाजारात आता एकासारखे एक गोंडस कप दिसतात, भाव पडलेत, मोबाइलसमोर ओरडून माल विकणारेही वाढलेत. सगळंच सुंदर आहे असं नाही.

जायचं असेल तर मातीकाम पाहायला सानबाओ खोरं गाठा, पाण्यावर चालणारी मुसळं तिथे आहेत. तांदळाच्या जाड थंड शेवया इथला नाश्ता. जिआंगशीचं तिखट आपल्यालाही घाम फोडतं, तेव्हा मिरची बेताने सांगा. शक्य असेल तर सोमवार धरून मुक्काम ठेवा. त्या दिवशी उजाडण्याआधी ‘भूतबाजार’ भरतो, विजेरीच्या उजेडात जुनी खापरं आणि नव्या नकला शेजारी शेजारी विकल्या जातात. तिथे कुणी मिंगचा पेला म्हणून काही पुढे केलं, तर तो आवडला म्हणूनच घ्या, जुना म्हणून नव्हे. खरोखर मिंगचा निघाला, तर चीनचा कायदा तो देशाबाहेर नेऊ देत नाही.